बेगम अख्तर : लखनौने उशिरा ऐकलेला सूर

लखनौच्या जुन्या भागात, ठाकूरगंज परिसरात पसंदबाग नावाची वस्ती आहे. एकेकाळी येथे आंब्याची बाग होती. शहर वाढत गेले, बाग आक्रसत गेली आणि तिच्या जागी दाटीवाटीची घरे उभी राहिली. या घरांच्या मधोमध, लाल विटांच्या भिंतींनी वेढलेल्या एका लहानशा आवारात संगमरवराच्या दोन कबरी आहेत. एक मुश्तरीबाई यांची आणि दुसरी त्यांच्या कन्येची, म्हणजेच गझल, ठुमरी आणि दादरा या गायनप्रकारांना विसाव्या शतकात नवे वैभव मिळवून देणाऱ्या बेगम अख्तर यांची.

७ ऑक्टोबर हा बेगम अख्तर यांचा जन्मदिन आणि ३० ऑक्टोबर हा स्मृतिदिन. ऑक्टोबर महिना आला की त्यांचे चाहते या कबरीची वाट धरतात. कुणी गुलाबाच्या पाकळ्या वाहतो, कुणी फातिहा पढतो, तर कुणी त्यांनी अजरामर केलेली एखादी गझल गुणगुणतो. दिवंगत कलावंताला आदरांजली वाहण्याचे प्रकार जगभर निरनिराळे आहेत. अमेरिकेतील मेम्फिस शहरात एल्विस प्रेस्ली यांच्या ग्रेसलँड या निवासस्थानी दरवर्षी १५ ऑगस्टच्या रात्री हजारो चाहते मेणबत्त्या घेऊन जमतात. पाश्चात्त्य देशांत दिवंगत गायकाच्या वेशभूषेपासून आवाजापर्यंत सर्व काही हुबेहूब उभे करणारे वाद्यवृंदही असतात. लखनौमधील आदरांजलीचे स्वरूप याहून वेगळे आहे, आणि त्यामागे एक विलक्षण इतिहास आहे. ज्या शहराचे नाव बेगम अख्तर यांच्याशी कायमचे जोडले गेले, त्याच शहरातील जाहीर व्यासपीठावर त्यांचे गाणे उत्तरायुष्यात जवळजवळ ऐकू आलेच नाही.

फैजाबादची बिब्बी

बेगम अख्तर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९१४ रोजी तत्कालीन फैजाबाद जिल्ह्यात झाला. २०१८ पासून हा जिल्हा अयोध्या या नावाने ओळखला जातो. त्यांची आई मुश्तरीबाई गाण्याच्या परंपरेतील होती. वडील असगर हुसेन हे लखनौचे वकील. त्यांनी मुश्तरीबाईंशी विवाह केला. मात्र पुढे पत्नी आणि जुळ्या मुली यांच्याकडे पाठ फिरवली. घरात बिब्बी या लाडक्या नावाने ओळखली जाणारी अख्तरी आणि तिची जुळी बहीण झोहरा या दोघींनी वयाच्या चौथ्या वर्षी विषमिश्रित मिठाई खाल्ली. झोहराचा मृत्यू झाला, अख्तरी वाचली. एकट्या स्त्रीने, समाजाच्या संशयी नजरा झेलत, वाचलेल्या मुलीला वाढवायचे होते. बेगम अख्तर यांच्या आवाजातील वेदनेचा उगम शोधताना त्यांचे चरित्रकार या घटनेपर्यंत मागे जातात.

गाण्याची ओढ मुलीला फार लवकर लागली. सात वर्षांची असताना एका फिरत्या नाटक मंडळीतील चंद्राबाई या गायिकेचे गाणे तिच्या कानी पडले आणि आपणही गावे, असे तिने ठरवले. मुलीने प्रतिष्ठित घरातील मुलींप्रमाणे शिक्षण घ्यावे असे आईला वाटत होते. अखेर आईने हट्ट मान्य केला आणि पाटण्याचे सारंगीवादक इम्दाद खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. त्यानंतर पतियाळा परंपरेतील अता मोहम्मद खाँ यांचे मार्गदर्शन मिळाले. पुढच्या काळात किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडूनही त्यांना विद्या लाभली. पतियाळाची चपळता आणि किराण्याची स्वरांवर रेंगाळणारी शांतता हे दोन्ही गुण त्यांच्या गायकीत एकत्र नांदताना दिसतात. त्याचे कारण या तालमीत आहे.

ग्रामोफोनने घडवलेली तारका

आज ज्याला आपण लोकप्रिय संगीताचा तारा म्हणतो, तशी प्रसिद्धी अख्तरीबाईंना विशीतच मिळाली, आणि ती मिळवून देण्यात ग्रामोफोनचा वाटा सर्वांत मोठा होता. मायलेकी कोलकात्यात आल्या, तेव्हा ते शहर ध्वनिमुद्रण, नाटक आणि चित्रपट यांचे मोठे केंद्र होते. मेगाफोन कंपनीने त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. अख्तरीबाई फैजाबादी या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिका प्रथम फारशा चालल्या नाहीत, असे सांगितले जाते. नंतर बेहजाद लखनवी यांच्या एका गझलेची ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि चित्र पालटले.

या गझलेभोवती एक आख्यायिका आहे. बरेलीच्या एका पीरांकडे आई मुलीला घेऊन गेली. पीरांनी तिची गझलांची वही मागवून एका पानावर हात ठेवला आणि हीच गझल प्रथम गावी, असे सुचवले. ती गझल बेहजाद यांची होती. आख्यायिकेची सत्यता तपासणे शक्य नाही. परंतु त्या ध्वनिमुद्रिकेने अख्तरीबाईंना देशभर पोहोचवले, यात शंका नाही. हैदराबादेत बालपण घालवणारे पंडित जसराज शाळेच्या वाटेवरील एका उपाहारगृहापाशी हीच ध्वनिमुद्रिका ऐकत बसत आणि शाळा बुडवत. आपण गाण्याकडे वळलो त्यामागे ही ध्वनिमुद्रिका होती, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. ज्या गायिकेला त्या मुलाने पाहिलेही नव्हते, तिचा आवाज एका चकतीवरून त्याचे आयुष्य बदलून गेला.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये भीषण भूकंप झाला. भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी आयोजित कार्यक्रमात अख्तरीबाई गायल्या. श्रोत्यांमध्ये सरोजिनी नायडू होत्या. त्यांनी केलेल्या कौतुकाने तरुण गायिकेचा आत्मविश्वास दुणावला. याच सुमारास चित्रपटांचेही दार उघडले. १९३३ मध्ये ‘एक दिन का बादशाह’ आणि ‘नल दमयंती’, तर १९३४ मध्ये ‘अमीना’ आणि ‘मुमताज बेगम’ या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. त्या काळी कलावंत आपली गाणी स्वतःच गात असत. त्यामुळे अभिनेत्री आणि गायिका या दोन्ही नात्यांनी त्या प्रेक्षकांसमोर आल्या.

मात्र चित्रपटसृष्टीत त्यांचे मन रमले नाही. त्या लखनौला परतल्या. तेथे त्यांनी घर बांधले आणि त्यांच्या मैफलींना रसिक, जमीनदार व शायर यांची वर्दळ सुरू झाली. रामपूरचे नवाब रझा अली खाँ यांच्या दरबारातही त्यांनी गायन केले. पुढे मुंबईत मेहबूब खान यांनी त्यांना ‘रोटी’ या चित्रपटासाठी बोलावले. १९४२ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला अनिल विश्वास यांचे संगीत होते. निर्माता आणि दिग्दर्शक यांच्यातील वादामुळे अख्तरीबाईंची काही गाणी पडद्यावरून वगळण्यात आली. ध्वनिमुद्रिकांमुळे ती टिकली. पडद्याने नाकारलेले तबकडीने जपावे, हा योग त्यांच्या आयुष्यात असाही आला.

नाव बदलले, गाणे थांबले

१९४५ मध्ये अख्तरीबाईंनी लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह केला. अब्बासी हे सुशिक्षित, काव्याची जाण असलेले आणि प्रतिष्ठित घराण्यातील गृहस्थ होते. अख्तरीबाई फैजाबादी आता बेगम अख्तर झाल्या. या नावात ‘बाई’पासून ‘बेगम’पर्यंतचा सामाजिक प्रवास दडलेला आहे. कोठ्यावरील गाण्याच्या परंपरेतून आलेल्या स्त्रीला मानाचे स्थान हवे असेल, तर त्याची किंमत मोजावी लागत असे. त्यांच्या बाबतीत ही किंमत म्हणजे गाणे होते. सुमारे पाच वर्षे त्यांनी गायन केले नाही.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. उत्तर भारतातील ठुमरी, दादरा, गझल हे प्रकार प्रामुख्याने गणिका परंपरेतील स्त्रियांनी जोपासले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुधारणावादी चळवळींनी या स्त्रियांच्या उदरनिर्वाहावर आणि प्रतिष्ठेवर घाव घातला. १९४०च्या दशकात आकाशवाणीनेही, ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशा गायिकांना कार्यक्रम न देण्याचे धोरण स्वीकारले होते. त्यामुळे अनेक गायिकांना विवाह करून किंवा नाव बदलून समाजमान्यतेचा पुरावा द्यावा लागला. कला हवी, परंतु ती सादर करणारी स्त्री नको, असा हा काळ होता. बेगम अख्तर यांचे मौन हे केवळ एका घरातील निर्बंधाचे फळ नव्हते. त्यामागे संपूर्ण समाजाची दृष्टी उभी होती.

या मौनाचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. अपत्यसुख त्यांना लाभले नाही. त्या दुःखाची भर पडली. त्या आजारी पडल्या, खिन्न राहू लागल्या. औषधोपचारांचा उपयोग होईना, तेव्हा पुन्हा गाणे सुरू करणे हाच उपाय असल्याचे सांगण्यात आले. पतीने अखेर संमती दिली. समोर श्रोते नसलेल्या बंद स्टुडिओतील गायन घराण्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे नाही, असा मार्ग निघाला. १९४९ मध्ये त्या आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर आल्या. २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झालेले हे केंद्र त्या वेळी अवघे अकरा वर्षांचे होते. तेथे त्यांनी तीन गझला आणि एक दादरा गायला. गायन संपल्यावर त्यांना अश्रू आवरले नाहीत.

या प्रसंगापासून त्यांच्या दुसऱ्या आयुष्याला आरंभ झाला. देशभरातील संगीत परिषदा, आकाशवाणीच्या मैफली आणि ध्वनिमुद्रण असा प्रवास अखेरपर्यंत अखंड चालला. मात्र लखनौमध्ये जाहीर मैफल न करण्याचा संकेत त्यांनी पाळला. याला अपवाद ठरला तो १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या काळातील एक कार्यक्रम. युद्धनिधीसाठी झालेला हा कार्यक्रम केवळ स्त्रियांसाठी होता. एरवी लखनौच्या सामान्य रसिकाला आपल्याच शहरातील या गायिकेचे गाणे ऐकण्यासाठी रेडिओसमोर बसावे लागे.

फाटणाऱ्या आवाजाचे सौंदर्य

बेगम अख्तर यांच्या गायकीची ओळख सांगताना जाणकार प्रथम त्यांच्या आवाजातील एका वैशिष्ट्याचा उल्लेख करतात. तार सप्तकाकडे झेपावताना त्यांचा आवाज क्षणभर फाटल्यासारखा होई. संगीताच्या परिभाषेत याला पत्ती लागणे म्हणतात. शास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा दोष ठरला असता. त्यांनी तो लपवला नाही. शब्दातील वेदना जेथे शिगेला पोहोचते, नेमक्या त्याच जागी ही पत्ती लागे आणि श्रोत्यांच्या तोंडून उत्स्फूर्त दाद निघे. त्यांची नक्कल करणाऱ्या अनेकांना हा फाटलेला स्वर जाणीवपूर्वक काढता आला. परंतु तो योग्य जागी येणे साधले नाही.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे शब्दांविषयीचा आदर. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र अर्थ बाळगतो. तानांच्या आतषबाजीत हा अर्थ हरवण्याचा धोका असतो. बेगम अख्तर यांनी ठुमरीतील बोल बनवण्याची कला गझलेत आणली. म्हणजे एकाच शब्दसमूहाला निरनिराळ्या स्वरांतून फिरवत त्यातील छटा उलगडून दाखवल्या. मात्र हे करताना उच्चार सुस्पष्ट ठेवला आणि सजावट मोजकीच केली. हार्मोनियम स्वतः वाजवत, तबला आणि सारंगीच्या साथीने त्या गात. मिर्झा गालिब, मोमिन, जिगर मुरादाबादी, फैज अहमद फैज, कैफी आझमी, शकील बदायुनी, सुदर्शन फाकिर अशा जुन्या-नव्या शायरांच्या रचना त्यांनी घरोघरी नेल्या. मुशायऱ्यात किंवा पुस्तकात अडकलेली गझल सामान्य श्रोत्यांच्या ओठांवर आणण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते.

शकील बदायुनी यांच्या एका प्रसिद्ध गझलेची जन्मकथा मुंबईशी निगडित आहे. मुंबईचा मुक्काम आटोपून बेगम अख्तर लखनौला निघाल्या होत्या. गाडी सुटण्याच्या बेतात असताना शकील स्थानकावर आले आणि त्यांनी गझल लिहिलेला कागद त्यांच्या हाती दिला. कागद पर्समध्ये पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भोपाळच्या आसपास असताना त्यांना त्याची आठवण झाली. त्यांनी हार्मोनियम काढली आणि धावत्या गाडीतच भैरवीच्या स्वरांत तिची चाल बांधली, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे. प्रेमाच्या शेवटावर अश्रू ढाळणारी ही गझल पुढे त्यांची ओळख बनली. त्यांच्या प्रत्येक मैफलीत तिची फर्माईश होत असे.

संगीतकार मदन मोहन यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. १९४०च्या दशकात लखनौच्या रेडिओ केंद्रात काम करत असताना मदन मोहन यांनी त्यांचे गाणे जवळून ऐकले होते. हिंदी चित्रपटांतील गझलेला मदन मोहन यांनी जे रूप दिले, त्यावर या सहवासाची छाया असल्याचे संगीत अभ्यासक मानतात. १९५८ मध्ये सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ या बंगाली चित्रपटात बेगम अख्तर पडद्यावर दिसल्या. ढासळत्या जमीनदाराच्या दिवाणखान्यात त्या ठुमरी गातात, हे दृश्य त्यांच्या मैफलीचे मोलाचे चित्रण म्हणून आज पाहिले जाते.

मराठी रसिकांशी नाते

लखनौच्या संगीतजीवनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. पुढे या संस्थेला भातखंडे यांचे नाव देण्यात आले. गुरूच्या घरी, पिढीजात चौकटीत दिली जाणारी विद्या वर्गात शिकवता येते, हा भातखंडे यांचा आग्रह होता. कोठ्यावरील परंपरेत वाढलेल्या बेगम अख्तर यांनी या संस्थेत अतिथी अध्यापक म्हणून शिकवले, ही घटना म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. ज्या संगीताला घराबाहेर ठेवले गेले, ते त्यांच्यासोबत विद्यालयाच्या दारातून आत आले.

बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू यांच्या ठुमरी-दादऱ्यावर बेगम अख्तर आणि उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्या गायकीचा प्रभाव मानला जातो. शोभाताईंच्या गाण्यातून हा लखनवी रंग मराठी श्रोत्यांपर्यंत आणखी एका वाटेने पोहोचला. महाराष्ट्रात गझल ऐकणाऱ्या आणि लिहिणाऱ्या अनेक पिढ्यांना उर्दू शेराचे स्वरूप प्रथम बेगम अख्तर यांच्या आवाजातून उमगले.

गंडा आणि शिष्या

बेगम अख्तर यांनी लखनौमध्ये शिष्यांना तालीम दिली, आणि त्यांची सर्वांत जिवंत आदरांजली येथूनच सुरू होते. हिंदुस्थानी संगीतात गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधतो. हा गंडाबंधनाचा विधी प्रामुख्याने उस्तादांकडून, म्हणजे पुरुष गुरूंकडून होत असे. बेगम अख्तर यांनी आपल्या शिष्यांना रीतसर गंडा बांधला. स्त्री गायिकेने उस्तादाच्या अधिकाराने हा विधी करणे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. शांती हिरानंद, अंजली बॅनर्जी, रीता गांगुली या त्यांच्या प्रमुख शिष्या.

या शिष्यांपैकी अनेक जणी गाण्याचा पिढीजात वारसा नसलेल्या, शिकलेल्या कुटुंबांतून आल्या होत्या. एका परीने गणिका परंपरेची विद्या मध्यमवर्गीय घरांच्या हाती सोपवली गेली. शांती हिरानंद आपल्या गुरूला अम्मी म्हणत. त्यांनी २००५ मध्ये बेगम अख्तर यांच्यावर पुस्तक लिहिले आणि अखेरपर्यंत त्यांच्या गझला व दादरे गात राहिल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. रीता गांगुली यांनी गायन, लेखन आणि रंगमंच अशा तिन्ही मार्गांनी गुरूचे स्मरण जागे ठेवले.

अखेरची मैफल

१९६८ मध्ये बेगम अख्तर यांना पद्मश्री आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रकृती साथ देत नव्हती, हृदयविकाराने ग्रासले होते, तरीही प्रवास आणि मैफली थांबल्या नाहीत. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्या कार्यक्रमासाठी अहमदाबादला गेल्या. तेथे गात असताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले. आपले गाणे मनासारखे होत नसल्याच्या भावनेने त्यांनी स्वर अधिक उंच नेला, असे सांगितले जाते. त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्या साठ वर्षांच्या होत्या. पार्थिव लखनौला आणण्यात आले आणि पसंदबागेत आईच्या शेजारी त्यांचे दफन झाले. १९७५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाला.

विस्मरण आणि स्मरण

गायिकेच्या मृत्यूनंतर तिची गाणी सर्वत्र वाजत राहिली. कबर मात्र दुर्लक्षित राहिली. बागेची जमीन घरांखाली गेली. आवाराची पडझड झाली, रानगवत माजले, जवळच राहणाऱ्यांनाही येथे कोण विसावले आहे हे ठाऊक नसे. दूरवरून आलेल्या चाहत्यांना पत्ता विचारत गल्ल्यांतून भटकावे लागे.

हे चित्र २०१२ मध्ये पालटले, आणि ते पालटवण्यात चाहत्यांचा पुढाकार होता. इतिहासकार सलीम किदवाई यांनी तरुणपणी बेगम अख्तर यांचा स्नेह अनुभवला होता. त्यांनी आणि शांती हिरानंद यांनी लखनौमधील सनतकदा या संस्थेच्या सहकार्याने कबरीच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. लाल विटांचे कुंपण पुन्हा उभारले गेले. संगमरवरात रंगीत दगड जडवण्याच्या पच्चीकारीने कबरी सजल्या. तेव्हापासून ऑक्टोबरमध्ये येथे येणाऱ्यांना बसण्यापुरती जागा आणि टेकण्यापुरती सावली मिळाली. २०२१ मध्ये सलीम किदवाई यांचेही निधन झाले.

सरकारी पातळीवरही त्यांचे स्मरण झाले. १९९४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०१४ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त केंद्र सरकारने १०० रुपये आणि ५ रुपये मूल्याची स्मरणार्थ नाणी प्रसिद्ध केली. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगल या संकेतस्थळाने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले आणि ज्या तरुणांनी त्यांचे नाव ऐकले नव्हते, त्यांनीही त्यांचे गाणे शोधून ऐकले.

साहित्य आणि चित्रपटांनीही आपापल्या परीने मानवंदना दिली. काश्मिरी कवी आगा शाहिद अली यांना तरुणपणी त्यांचा सहवास लाभला होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कवितासंग्रहाला त्यांनी बेगम अख्तर यांच्या स्मृतीचेच नाव दिले. पुढे अमेरिकेत राहून त्यांनी इंग्रजी कवितेत गझलेचा मूळ आकृतिबंध रुजवण्याचा आग्रह धरला, त्याची बीजे त्या स्वरांच्या सहवासात शोधता येतात. जानेवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या अभिषेक चौबे दिग्दर्शित ‘डेढ इश्किया’ या चित्रपटात, बेगम अख्तर यांनी लोकप्रिय केलेला अटारीचा पारंपरिक दादरा रेखा भारद्वाज यांच्या आवाजात नव्या वाद्यमेळासह ऐकू आला. पडद्यावर तो माधुरी दीक्षित यांच्यावर चित्रित झाला. गिटार आणि आधुनिक तालवाद्ये घेऊन गाणारे तरुण गायकही आज त्यांचे दादरे निवडतात. काही जुन्या रसिकांना हा बदल रुचत नाही. परंतु स्वतः बेगम अख्तर यांनीही परंपरेतून मिळालेले दादरे आपल्या पद्धतीने घडवूनच गायले होते, हे विसरता येणार नाही.

येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या आणि हिंदुस्थानी संगीताच्या आदरांजलीतील फरक स्पष्ट होतो. आपल्याकडे गुरूची चाल शिष्य घेतो, तिची बढत मात्र आपल्या कुवतीनुसार करतो. हुबेहूब नक्कल करणाऱ्याला मैफलीत फार काळ दाद मिळत नाही. म्हणून बेगम अख्तर यांची गझल गाणारी प्रत्येक गायिका एकाच वेळी त्यांचे ऋण मान्य करते आणि स्वतःची परीक्षाही देते.

काळाच्या ओघात त्यांच्यासमोर बसून शिकलेली पिढी विरळ होत चालली आहे. मागे राहिली आहेत ती सुमारे चारशे ध्वनिमुद्रित गाणी, काही चित्रफिती आणि शिष्यांच्या शिष्या. त्यामुळे पसंदबागेतील कबरीची निगा राखण्याइतकीच या गायकीची तालीम चालू ठेवण्याची निकडही वाढली आहे. हे शहर एकदा त्यांची कबर विसरले होते आणि ती पुन्हा शोधून काढणारे हात त्यांच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांचे होते. त्यांच्या हयातीत ज्या लखनौने त्यांना आपल्या जाहीर व्यासपीठापासून दूर ठेवले, त्याच लखनौत आज त्यांच्या नावाने मैफली होतात, त्यांत मुली व्यासपीठावर बसून, हार्मोनियम पुढ्यात घेऊन त्यांच्या गझला गातात, आणि सभागृहात त्यांचे आईवडील अभिमानाने ऐकत असतात.